छोट्या व्यवसायाचे भांडवल: बचत गट, सेवाभावी संस्था आणि पतसंस्थांकडे कसे जावे

घरगुती मसाले, शिलाई, खाणावळ किंवा दुरुस्तीचे दुकान अशा व्यवसायाला सुरुवातीला लागणारी रक्कम साधारणपणे पन्नास हजारांपासून दोन-तीन लाखांपर्यंत असते. बँकेच्या दृष्टीने ही रक्कम अडचणीची ठरते, कारण एवढ्या कर्जाची छाननी आणि वसुली करण्यासाठी मोठ्या कर्जाइतकेच श्रम पडतात आणि अर्जदाराकडे दाखवण्यासारखा ताळेबंद बहुधा नसतो. ही उणीव भरून काढणाऱ्या संस्थांची महाराष्ट्रात जुनी परंपरा आहे. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये मुंबईत स्थापन केलेल्या अन्नपूर्णा महिला मंडळाने गिरणी कामगारांना जेवण पुरवणाऱ्या खानावळवाल्या स्त्रियांना संघटित करून राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळवून दिले. आजही बहुतेक सेवाभावी संस्था मोठी रक्कम स्वतःच्या तिजोरीतून देत नाहीत. त्या अर्जदाराची ओळख आणि हिशेब बँकेला पटेल अशा रूपात उभे करून देतात. संस्थेच्या दारात जाताना हे ध्यानात ठेवले, तर अपेक्षाभंग टळतो.

म्हणून अर्ज शोधण्याआधी एका कागदावर मागणी स्पष्ट लिहावी. यंत्र किंवा साहित्य यासाठी किती, कच्च्या मालासाठी किती आणि पहिले तीन-चार महिने उधारी अडकली तर तग धरण्यासाठी किती, हे तीन आकडे वेगवेगळे असावेत. यंत्रासाठी मुदत कर्ज, म्हणजे ठरावीक काळात हप्त्यांनी फेडायचे कर्ज, योग्य असते; कच्च्या मालाचा पैसा मात्र सतत फिरत राहतो, त्यामुळे त्यासाठी बचत गटाच्या जमा निधीतून सभासदाला मिळणारे अंतर्गत कर्ज किंवा कॅश क्रेडिट (ठरलेल्या मर्यादेपर्यंत हवे तेव्हा काढता-भरता येणारे बँकेचे कर्ज) सोयीचे पडते. उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योग म्हणून सरकारकडे होणारी नोंदणी, याच वेळी करून घ्यावी. शासकीय पोर्टलवर ती पूर्णपणे मोफत आहे, तेव्हा तिच्यासाठी पैसे मागणाऱ्या मध्यस्थाला आणि संकेतस्थळाला दूर ठेवलेले बरे.

स्त्रियांसाठी सर्वांत भरवशाचा मार्ग अजूनही बचत गटाचाच आहे. शेती आणि ग्रामीण विकासाला वित्तपुरवठा करणाऱ्या नाबार्ड बँकेने १९९२ मध्ये गटांना बँकांशी जोडण्याचा कार्यक्रम सुरू केला. आज महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात राज्य शासनाचे ‘उमेद’ अभियान गट, गावातील गटांचा ग्रामसंघ आणि अनेक ग्रामसंघांचा प्रभागसंघ अशी रचना चालवते, तर १९७५ मध्ये स्थापन झालेले महिला आर्थिक विकास महामंडळ, म्हणजे माविम, गटांतील स्त्रियांनीच चालवलेल्या लोकसंचलित साधन केंद्रांमार्फत काम करते. गावात असाल तर पंचायत समितीतील उमेदच्या तालुका कक्षात किंवा ग्रामसंघाच्या बैठकीत चौकशी करावी. शहरात महानगरपालिकेच्या समाज विकास विभागाकडे जावे.

गटात आल्याबरोबर बँकेचे कर्ज मिळत नाही. गट किमान सहा महिने पंचसूत्रीनुसार चाललेला असावा लागतो: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्जव्यवहार, वेळेवर परतफेड आणि चोख हिशेब. बँक गटाचे श्रेणीकरण करते, म्हणजे गट कर्ज देण्याजोगा आहे का हे तपासते, तेव्हा ती बैठकीचे इतिवृत्त, बचत व कर्जाची नोंदवही आणि गटाचे पासबुक एकमेकांशी ताडून पाहते, आणि अनेक प्रस्ताव इथेच अडतात. बैठक न घेता महिनाअखेर सह्या गोळा करणाऱ्या गटाचा ठराव एका तारखेचा निघतो, पासबुकातील भरणा दुसऱ्याच तारखेचा. व्यवसायासाठी गट निवडायचा असेल, तर अध्यक्ष कोण आहे यापेक्षा नोंदवही कोण लिहिते आणि ती सर्वांना वाचून दाखवली जाते का, हे आधी पाहावे.

पात्र ठरलेल्या गटाचे काही हक्क आहेत आणि ते माहीत नसल्याने अनेक जणी गप्प बसतात. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार गटाला दहा लाखांपर्यंतच्या कर्जासाठी तारण मागता येत नाही, त्याच्या बचत खात्यावर बोजा चढवता येत नाही आणि कर्ज मंजूर करताना मुदत ठेवीचा आग्रहही धरता येत नाही. शाखेत असा आग्रह झाल्यास उमेदच्या कर्मचाऱ्याला किंवा बँकेच्या कामात गटांना मदत करणाऱ्या बँक सखीला सोबत नेऊन नियम दाखवावा. खाद्यप्रक्रिया करणाऱ्या गटांसाठी आणखी एक सोय आहे: २०२० मध्ये सुरू झालेल्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेत गटाच्या प्रत्येक पात्र सदस्याला खेळते भांडवल आणि लहान अवजारे यांसाठी चाळीस हजार रुपयांपर्यंत बीज भांडवलाची तरतूद करण्यात आली. ही रक्कम गटांच्या संघामार्फत येते, म्हणून तिची सद्यःस्थिती प्रभागसंघातच विचारावी.

गटापलीकडच्या संस्थांमध्ये प्रत्येकीचे क्षेत्र ठरलेले असते. साताऱ्यातील म्हसवड येथे १९९७ मध्ये सुरू झालेल्या माणदेशी महिला सहकारी बँकेचा पहिला परवाना अर्ज प्रवर्तक स्त्रियांपैकी काही जणी निरक्षर असल्याच्या कारणावरून नाकारला गेला होता. त्या अक्षरे शिकल्या आणि पुन्हा अर्ज घेऊन गेल्या. त्याच परिवारातील माणदेशी फाउंडेशन व्यवसायाचे प्रशिक्षण देते. पुण्यातील अन्नपूर्णा परिवार वस्त्यांमधील कष्टकरी स्त्रियांना परस्परांच्या हमीवर कर्ज देतो आणि त्याला सूक्ष्म विमा व पाळणाघरांची जोड देतो. तरुण उद्योजकांसाठी १९९२ पासून काम करणारा भारतीय युवा शक्ती ट्रस्ट बँकेचे कर्ज मिळवण्यास मदत करतो आणि सोबत अनुभवी मार्गदर्शक देतो. माझ्या मते पहिल्यांदाच व्यवसाय करणाऱ्याला त्या मार्गदर्शकाचा उपयोग कर्जाहून अधिक होतो, कारण किंमत कशी ठरवावी आणि उधारी कुठे थांबवावी हे कोणताही अर्ज शिकवत नाही. बँकांनी चालवलेल्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थांचे निवासी प्रशिक्षण मोफत असते आणि त्याचे प्रमाणपत्र कर्जप्रस्तावाला जोडता येते.

पतसंस्था ही सेवाभावी संस्था नाही, ती सभासदांची सहकारी संस्था आहे. पण गावात सर्वांत लवकर पैसा तिथेच मिळतो, म्हणून तिचा विचार करावा लागतो. कर्जासाठी आधी सभासद व्हावे लागते, कर्जाच्या प्रमाणात संस्थेचे भाग (शेअर) घ्यावे लागतात आणि बहुधा दोन जामीनदार द्यावे लागतात. भागांची रक्कम कर्जातूनच कापली जात असेल, तर हातात प्रत्यक्ष किती येणार हे सही करण्यापूर्वी विचारावे. भिशीचा पैसा सोपा असला तरी त्याची कुठेही नोंद होत नाही, त्यामुळे पुढे बँकेत पत दाखवताना त्याचा काहीही उपयोग होत नाही.

व्याजदर ऐकताना तो सरळ पद्धतीचा (शेवटपर्यंत मूळ रकमेवर) आहे की घटत्या शिलकीवरचा (फेडायच्या उरलेल्या रकमेवर), हे विचारल्याशिवाय तुलना करू नये. एक लाख रुपये दोन वर्षांसाठी सरळ १२ टक्क्यांनी घेतले, तर व्याज २४,००० रुपये होते आणि मासिक हप्ता सुमारे ५,१६७ रुपये येतो. तोच दर घटत्या शिलकीवर असेल, तर हप्ता सुमारे ४,७०७ रुपये आणि एकूण व्याज १३,००० रुपयांच्या आसपास राहते. याचा अर्थ सरळ १२ टक्के हा दर प्रत्यक्षात साडेएकवीस टक्क्यांच्या घरात जातो. गटातील अंतर्गत कर्जाचा ‘शेकडा दोन रुपये महिना’ हा दरही वर्षाला २४ टक्के होतो. फरक इतकाच, की ते व्याज गटाच्याच निधीत परत येते आणि त्यात आपलाही वाटा असतो.

दारावर येऊन गट बांधणारी प्रत्येक कंपनी सेवाभावी असते असे समजू नये. सूक्ष्म वित्त कंपन्या नफ्यासाठी चालतात. त्यात वावगे काही नाही, परंतु त्यांना लागू असलेले नियम आपल्याला ठाऊक हवेत. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांनुसार वार्षिक तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला दिलेले विनातारण कर्ज सूक्ष्म वित्त कर्ज मानले जाते, कुटुंबाच्या सर्व कर्जांचे मासिक हप्ते मिळून त्याच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक होता कामा नयेत आणि मुदतीपूर्वी फेड केल्यास दंड लावता येत नाही. कर्जाचे तपशीलपत्रक आपल्याला समजेल अशा भाषेत मागून घ्यावे. एका कंपनीचा हप्ता भरण्यासाठी दुसरीचे कर्ज घेण्याची वेळ आली, तर व्यवसायातून हप्ता निघत नाही हे मान्य करून पहिल्याच संस्थेशी मुदतवाढीबद्दल बोलावे.

प्रस्ताव नाकारला गेल्यास कारण लेखी मागावे, कारण ‘साहेब नाही म्हणाले’ एवढ्यावर दुरुस्ती करता येत नाही. कारण पतअहवालातील, म्हणजे आपल्या आधीच्या कर्जफेडीच्या नोंदीतील, चुकीचे असेल, तर असे अहवाल ठेवणाऱ्या प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एकदा मोफत मिळणारा अहवाल घेऊन ती नोंद सुधारून घ्यावी. शाखा नियमबाह्य अट घालत असेल, तर जिल्ह्यातील बँकांच्या कामाचा समन्वय पाहणाऱ्या अग्रणी बँकेच्या व्यवस्थापकाकडे अर्ज करावा. बँकेकडे केलेल्या लेखी तक्रारीला तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा उत्तर समाधानकारक नसले, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. तिला ठरावाची प्रत, पासबुकाची पाने आणि बँकेने दिलेली पोच जोडावी.