गच्चीवरून छोटा सॅटेलाइट चालवायचा तर खर्च कुठे वाचवायचा

सोलापुरातली इंजिनिअरिंगची पोरं भेटली की पहिला प्रश्न ठरलेला, सर क्यूबसॅट, म्हणजे ठोकळ्याएवढा छोटा सॅटेलाइट, बांधायला किती लागतील? मी म्हणतो ते नंतर बघू, आधी सांगा वर गेल्यावर रोज त्याच्याशी बोलणार कोण? बांधायचा पैसा एकदा लागतो, चालवायचा मात्र सॅटेलाइट जिवंत आहे तोवर लागत राहतो, आणि त्यात सगळ्यात महाग असतो माणसाचा वेळ.

म्हणून आधी पासचं गणित करा, पास म्हणजे सॅटेलाइट आपल्या आकाशातून जातो तेवढा वेळ. ५०० किलोमीटरवरचा सॅटेलाइट साधारण दीड तासात एक फेरी मारतो, पण ध्रुवांवरून जाणारा असेल तर सोलापूरच्या आकाशात दिवसातून चारेक वेळाच येतो, तेही एका वेळी जास्तीत जास्त दहा-अकरा मिनिटं. सन-सिंक्रोनस, म्हणजे सूर्याच्या वेळेशी जुळवलेली कक्षा असेल तर पास रोज साधारण त्याच वेळेला येतात, समजा सकाळी साडेदहाच्या आसपास आणि रात्री साडेदहाच्या आसपास. मग कमांड पाठवायचं काम सकाळच्या पासला ठेवा आणि रात्रीचं नुसतं रिसीव्हिंग कॉम्प्युटरवर सोडून द्या, पोरांना रोज रात्री जागवायची काहीच गरज नाही.

आता डेटा. सॅटेलाइटकडून डेटा यायचा वेग ९६०० बिट प्रति सेकंद आहे आणि आठ मिनिटं स्वच्छ मिळाली तर होतात ५७६ किलोबाइट, आणि वाटेत पॅकेट, म्हणजे डेटाचे तुकडे, गळणं धरलं की हातात त्याहून कमीच येतं. म्हणजे मोबाईलवरचा ३ एमबीचा एक साधा फोटो उतरवायला दीड-दोन दिवस जातील! त्यामुळे आधी छोटा थंबनेल, म्हणजे फोटोची लहान प्रत, मागवा, बघा ढग आहेत का, मगच पूर्ण फोटो मागवा. बॅटरी, तापमान वगैरेचे आकडे सेकंदाला एक नको, मिनिटाला एक पुरे. मोठी अँटेना घ्यायच्या आधी हे करा, कारण याला एक रुपयाही लागत नाही.

स्टेशनसाठी आरटीएल-एसडीआर डोंगल (यूएसबीला लावायचा स्वस्त रेडिओ रिसीव्हर), रास्पबेरी पाय (हातात मावणारा छोटा कॉम्प्युटर), हाताने केलेली यागी किंवा टर्नस्टाइल प्रकारची अँटेना, एवढ्यावर सुरुवात होते. अँटेना सॅटेलाइटच्या मागे फिरवणारा रोटेटर महाग असतो आणि बिघडतोही, सुरुवातीला नको. एलएनए, म्हणजे कमजोर सिग्नल मोठा करणारा अँप्लिफायर, मात्र अँटेनाजवळच लावा, खाली रिसीव्हरपाशी लावला तर केबलमध्ये सिग्नल आधीच मेलेला असतो. ४३५ मेगाहर्ट्झला डॉप्लरमुळे, म्हणजे सॅटेलाइटच्या वेगामुळे, फ्रिक्वेन्सी १० किलोहर्ट्झपर्यंत इकडे-तिकडे सरकते, ते सॉफ्टवेअर सांभाळतं. आणि हो, ऐकणं वेगळं आणि पाठवणं वेगळं, ट्रान्समिट करायला लायसन्स लागतंच.

एकट्याचं स्टेशन पुरत नाही हे मात्र मनापासून सांगतो. सॅटनॉग्स नावाचं ओपन सोर्स नेटवर्क आहे, जगभरातली लोकं आपापल्या गच्चीवरून ऐकतात आणि डेटा सगळ्यांना खुला ठेवतात. आपल्या बीकनचा, म्हणजे सॅटेलाइट स्वतःहून सतत पाठवतो त्या छोट्या सिग्नलचा, फॉरमॅट आधीच जाहीर करून टाका, मग आपल्याला दिसत नाही तेव्हा दुसरं कोणीतरी ऐकत असतं.

सॅटेलाइटही सांभाळायला सोपा हवा. पुण्याच्या सीओईपी इंजिनिअरिंग कॉलेजच्या पोरांनी केलेला स्वयम नावाचा सॅटेलाइट २०१६ साली पीएसएलव्ही-सी३४ रॉकेटवरून गेला, वजन एक किलोच्या आत, आणि दिशा धरायला आत चुंबक वापरलेले, म्हणजे त्या कामाला वीजही नको आणि खालून कमांडही नको. हा विचार मला फार आवडतो! तसंच, ठराविक दिवस जमिनीवरून काहीच आलं नाही तर सॅटेलाइटने स्वतःच रिसेट व्हावं, हे सॉफ्टवेअरमध्ये आधीच घाला.

आमच्या गच्चीवरचं स्टेशन एकदा दोन आठवडे बंद पडलं होतं, कारण पासवर्ड आणि सेटिंग ज्या पोराला माहीत होतं तो शिक्षण संपवून कॉलेज सोडून गेला. फार वाईट वाटलं, दोन आठवड्यांचा डेटा परत मिळत नसतो. तेव्हापासून सगळं एका वहीत मराठीत लिहून ठेवतो आणि दुसऱ्या वर्षाच्या पोरांना तिसऱ्या वर्षाच्या पोरांसोबत बसवतो.

एप्रिल-मेमधलं सोलापूरचं ऊन तर माहितीच आहे, रास्पबेरी पाय पत्र्याखाली ठेवू नका, खाली खोलीत ठेवा. वळवाचा पाऊस यायच्या आधी अँटेनाची केबल काढून ठेवा, वीज पडली तर सगळंच जाईल.

आज काही घेतलेलं नसेल तरी पासच्या वेळा सांगणारं जीप्रेडिक्ट सॉफ्टवेअर डाउनलोड करा, अक्षांश १७.७ आणि रेखांश ७५.९ टाका आणि आठवडाभर स्पेस स्टेशनचे पास नुसते वहीत लिहा. डोंगल आला की १४५.८२५ मेगाहर्ट्झवर लावून बसा, स्पेस स्टेशन वरून जात असताना तिथे पुष्कळदा पॅकेटचा आवाज येतो.