कापडाला विचारून लाइट लावा

सोलापुरात फॅशन शूट करायचं असेल तर तारीख ठरवायच्या आधी भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लग्नाच्या तिथी बघा. गंमत करत नाहीये. गावात भाड्याने मिळणारे सॉफ्टबॉक्स (प्रकाश मऊ करायला फ्लॅशपुढे लावायचा कापडी डबा), स्टँड, मोठे फ्लॅश हे सगळे मुळात लग्नवाल्या फोटोग्राफरांचे. दांडगा मुहूर्त असला की त्या दिवशी साधा स्टँडसुद्धा हाताला लागत नाही, मेकअपवाली फोन उचलत नाही, आणि 'लाइट धरायला मी येतो की' म्हणालेला मित्र कुठल्यातरी मंगल कार्यालयात नवरीच्या मेंदीचे क्लोजअप काढत असतो. आमची पहिली तारीख अशीच गेली. दुसरी आम्ही जानेवारीत धरली, तर गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेमुळे निम्मी टीम तिकडं. शेवटी फेब्रुवारीतला एक बिनमुहूर्ताचा रविवार सापडला.

मी तेव्हा फोटोग्राफीचा डिप्लोमा करत होते आणि मैत्रीण फॅशन डिझाइनच्या शेवटच्या वर्षाला होती. तिचे तीन पोशाख होते, तिन्ही इथल्याच कापडाचे. एक चादरीचं जॅकेट, म्हणजे खरोखरची सोलापुरी चादर कापून शिवलेलं. दुसरा इरकल साडीचा लांब अंगरखा, पदराचा भाग छातीवर घेतलेला. तिसरा शाळेच्या गणवेशाच्या बारीक चेक्सच्या कापडाचा ढगळ ड्रेस. गणवेश शिवून बाहेर पाठवणं हा सोलापूरचा मोठा धंदा, त्यामुळे ते कापड तिला ओळखीच्या कारखान्यातून कटपीसच्या भावात मिळालं होतं.

जागेसाठी कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं: भुईकोट किल्ला, नाहीतर सिद्धेश्वर तलावाचा काठ. दोन्ही सुंदर, पण दोन्ही ठिकाणी गावातल्या निम्म्या जोडप्यांचे लग्नाआधीचे फोटो काढून झालेत. किल्ला पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे, ट्रायपॉड आणि लाइटचं सामान घेऊन जायचं तर परवानगी आधी काढायला हवी. त्यात ऊन. सकाळी नऊ वाजून गेले की डोळ्यांच्या खोबणीत काळे खड्डे पडतात, आणि मॉडेल डोळे किलकिले करते ते वेगळंच. प्रकाश कमी पडतो अशी तक्रार इथं कधीच करावी लागत नाही. असलेला प्रकाश अडवायचा कसा, हाच प्रश्न.

म्हणून आम्ही पूर्व भागातल्या एका यंत्रमागाच्या कारखान्यात गेलो. कारखाना म्हणजे पत्र्याची शेड, आत आठ माग. मालक ओळखीचे. भाडं विचारलं तर म्हणाले, "पैसे नको, पण माझ्या मागाचा एक चांगला फोटो पायजे." आम्ही हो म्हणालो आणि विसरून गेलो. त्याबद्दल पुढे येईलच.

जागा बघायला जाताना ज्या वेळेला शूट करायचं त्याच वेळेला जा. आम्ही संध्याकाळी गेलो आणि फसलो. संध्याकाळी शेडमध्ये नुसते एलईडी दिवे होते. शूटच्या सकाळी छतातल्या फायबरच्या पारदर्शक पत्र्यांमधून उजेड खाली आला, आणि तो हिरवा होता. ते पत्रे वर्षानुवर्षं ऊन खाऊन शेवाळी पडले होते. डोळ्याला काही जाणवत नाही, मेंदू आपोआप सावरून घेतो. कॅमेरा घेत नाही. पहिल्या फोटोत पोरगी कावीळ झाल्यासारखी दिसत होती.

यावर उपाय दोन, ते शिकून ठेवा. एक, ग्रे कार्ड (ठरावीक करड्या रंगाचं कार्ड) मॉडेलच्या हनुवटीखाली धरून व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा तोल, त्यावरून ठरवायचा आणि सगळं रॉ फाइलमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या कच्च्या रूपात घ्यायचं. पण फ्लॅशचा प्रकाश दिवसाच्या उजेडासारखा, साधारण ५५०० केल्विनचा (केल्विन म्हणजे प्रकाशाच्या रंगाचं माप), आणि छतातला हिरवा; दोन्ही एकत्र आले की चेहरा सुधारला तरी सावल्या हिरव्याच राहतात. मग दुसरा उपाय: छतातला उजेड मारूनच टाकायचा. फ्लॅश चालू असताना शटरचा (कॅमेऱ्यात प्रकाश सोडणाऱ्या पडद्याचा) वेग वाढवला की फ्लॅशचा प्रकाश तेवढाच राहतो, पण आसपासचा उजेड कमी होत जातो. आम्ही १/१६० सेकंदावर गेलो, अपर्चर (लेन्सचं छिद्र; एफचा आकडा लहान तितकं छिद्र मोठं) एफ ५.६, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, आणि हिरवा रंग अंधारात बुडाला. बहुतेक कॅमेऱ्यांत १/२०० किंवा १/२५० च्या पुढे गेलं की फोटोच्या कडेला काळी पट्टी येते, ती तुमच्या कॅमेऱ्यात कुठं येते ते घरी तपासून या.

आणि एलईडीच्या उजेडात नुसतं शूट करणार असाल तर एक लक्षात ठेवा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणजे स्वस्त दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. शटर १/५० किंवा १/१०० ठेवा, नाहीतर फोटोत आडवे पट्टे.

आता मुख्य गोष्ट. वर्गात आम्हाला प्रकाश शिकवला तो चेहऱ्याच्या हिशोबाने. नाकाखाली सरळ सावली पडली तर लाइट समोर उंचावर, गालावर उजेडाचा त्रिकोण पडला तर लाइट तिरका, वगैरे. ते शिकायलाच हवं. दुसऱ्यांचे फोटो बघताना पोझ बघू नका, मॉडेलच्या बुबुळातला चमकता ठिपका बघा. तो चौकोनी असेल तर सॉफ्टबॉक्स नाहीतर खिडकी, गोल असेल तर छत्री किंवा गोल डबा, आणि कुठल्या बाजूला आहे त्यावरून लाइट कुठं होता तेही कळतं. पण फॅशनच्या फोटोत चेहरा निम्माच. उरलेलं निम्मं कापड, आणि प्रत्येक कापडाला प्रकाश वेगळा लागतो. हे मला त्या दिवशी तीन पोशाखांनी एकापाठोपाठ एक शिकवलं.

चादर जाड, सुती, चमक नसलेली. तिचं सगळं सौंदर्य जेकार्डच्या, म्हणजे विणतानाच उमटवलेल्या नक्षीच्या उठावात, धाग्याच्या उंचसखलपणात. समोरून मऊ प्रकाश टाकला तर ती नुसती छापील दिसते, जणू फ्लेक्सवर चादरीचा फोटो. मग सॉफ्टबॉक्स काढून नुसता फ्लॅश अगदी बाजूला, जॅकेटच्या पातळीला जवळजवळ समांतर नेला. एकेका फुलाच्या कडेला बारीक सावली धरली आणि कापड जिवंत झालं. चेहरा मात्र अर्धा काळा पडला. तिथं थर्माकोलची मोठी शीट दुसऱ्या बाजूने धरली, एवढंच. महागडे रिफ्लेक्टर नंतर घ्या; स्टेशनरीच्या दुकानातली थर्माकोलची शीट पहिली दोन वर्षं पुरते.

इरकलचं अगदी उलट. टोपपदर रेशमी, लालभडक, त्यावर पांढरी नक्षी. तोच उघडा फ्लॅश त्यावर टाकला तर छातीवर पांढरा भगभगीत डाग. चमकणारं कापड आरशासारखं वागतं: त्यात प्रकाश पडत नाही, तर लाइट प्रतिबिंबित होतो. छोटा लाइट असेल तर छोटा, झगझगीत डाग. मोठा असेल तर प्रतिबिंब पसरून मऊ झळाळी. म्हणून लाइट शक्य तितका मोठा करायचा. आमच्याकडे मोठा सॉफ्टबॉक्स नव्हता. मॉडेलची आई लेकीसोबत आली होती, दिवसभर आमच्यासाठी शेंगाची चटणी आणि कडक भाकरी घेऊन बसलेली. त्या काकूंनी पिशवीतून धुतलेलं पांढरं धोतर काढलं. आमची इस्त्री खाली फरशीवरच करायची होती, तिथं अंथरायला त्यांनी ते आणलं होतं. ते दोन मागांच्या मध्ये ताणून बांधलं, मागून फ्लॅश मारला. सहा फुटी खिडकी तयार. लाल रंग एकदम पिकला.

याच पोशाखात अंतराचा धडा मिळाला. पूर्ण उंचीचा फोटो हवा होता आणि मी लाइट चेहऱ्यापासून एका मीटरवर ठेवला होता. चेहरा छान, पण अंगरख्याचा काठ अंधारात. गणित सोपं आहे: अंतर दुप्पट झालं की प्रकाश चौथाई होतो. लाइट एक मीटरवर चेहऱ्याच्या उंचीला असेल तर तिथून पावलं साधारण १.८ मीटरवर, म्हणजे पायाशी प्रकाश तिसऱ्या हिश्श्यापेक्षाही कमी. लाइट तीन मीटर मागे नेला तर पावलं ३.३५ मीटरवर, फरक जेमतेम पाचव्या भागाचा. त्यामुळे पूर्ण पोशाख दाखवायचा तर लाइट लांब न्या आणि ताकद वाढवा. नुसता चेहरा असेल तर जवळ आणा. पाठीमागची शेडही आपोआप काळी होते.

पार्श्वभूमीबद्दल फार बोलत नाही. नामवंत फॅशन फोटोग्राफर अर्विंग पेन यांना १९५० साली पॅरिसमध्ये नाटकाचा एक जुना पडदा सापडला आणि पुढे आयुष्यभर त्यांनी तोच वापरला. तुम्ही एक चांगली, न चमकणारी, रंग उडालेली ताडपत्री शोधा.

तिसरा पोशाख, बारीक चेक्सचा. तो सगळ्यात सोपा वाटला म्हणून शेवटी ठेवला होता. साडेबारा वाजले होते, पत्रा तापायला लागला होता, मेकअप कपाळावरून सुटत होता. भरभर १४० फ्रेम घेतल्या. कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवर सगळं झकास. सामान आवरून सात रस्त्यावर चहा प्यायलो, स्वतःचं कौतुक केलं.

रात्री फाइल उघडली. ड्रेसवर इंद्रधनुष्याच्या लाटा. निळ्या-पांढऱ्या चेक्सवर जांभळे, पिवळे वळसे, पाण्यावर तेल सांडल्यासारखे. झूम कमी केलं तर लाटा हलायच्या, पूर्ण मोठा करून बघितला तरी होत्याच. याला मोआरे म्हणतात. कापडातली बारीक रेघ आणि सेन्सरवरच्या पिक्सेलची जाळी एकमेकींच्या जवळपास मापाच्या झाल्या की त्यांच्यात अशी तिसरीच नक्षी तयार होते. सॉफ्टवेअरमध्ये ब्रश मारून रंग थोडे उतरतात, पण लाटा राहतात, आणि ब्रश जास्त मारला तर कापडाचा खरा निळाही जातो. मैत्रिणीला फोन केला तर ती पलीकडून एवढंच म्हणाली, "काय करालास बे तू तिथं दिवसभर?"

तुम्हाला हे होऊ नये म्हणून: बारीक चेक्स, बारीक पट्टे, जाळीचं कापड असेल तर पहिल्या दोन फ्रेमनंतर थांबा आणि स्क्रीनवर पूर्ण १०० टक्के मोठं करून कापड बघा. लाटा दिसल्या तर एक पाऊल पुढे किंवा मागे व्हा, किंवा मॉडेलला थोडं तिरकं उभं करा; जाळ्यांचं माप बिघडलं की लाटा जातात. अपर्चर एफ ११ किंवा १६ केलं तर तपशील जरा मऊ होऊनही सुटका होते. पण एफ १६ ला सेन्सरवरची धूळ ठिपके होऊन दिसते, आणि मागाच्या शेडमध्ये कापसाचे तंतू हवेत तरंगत असतात. मी तिथं दोनदा लेन्स बदलली होती. त्याची शिक्षा म्हणून पुढचे दोन दिवस ठिपके पुसत बसले.

आता निवडीबद्दल. एकूण ४१२ फ्रेम होत्या. शूटच्या रात्री निवड करू नका, त्या रात्री तुम्ही फोटो बघत नसता, कष्ट बघत असता. जो फोटो मिळवायला सर्वात जास्त घाम गाळला तोच सर्वात चांगला वाटतो. मी तीन दिवस थांबले. पहिल्या फेरीत फक्त नकार: डोळे मिटलेले, हललेले, कपड्यामागे लावलेला चिमटा दिसणारे. (कपडा अंगाला बसावा म्हणून पाठीमागून चिमटे लावतात, मॉडेल वळली की ते दिसतात, आणि शूटच्या वेळी कुणाच्या लक्षात येत नाही.) दुसऱ्या फेरीत फोटो काडेपेटीएवढे बारीक करून बघितले. एवढ्याशा आकारात जो डोळ्याला धरतो त्याची रचना पक्की असते. अठरा उरले.

ते अठरा मी छापून सरांकडे नेले. छापूनच न्या, मोबाइलवर दाखवू नका. मोबाइलवर सगळंच चांगलं दिसतं. सर बोलले नाहीत. एकेका प्रिंटवर मॉडेलच्या चेहऱ्यावर तळहात ठेवायचे आणि विचारायचे, "आता सांग, हे काय आहे?" चादरीच्या जॅकेटच्या एका फोटोत चेहरा झाकल्यावरही चादर होती, शिवण होती, कॉलर कशी वळलीय ते दिसत होतं. तो राहिला. माझा सर्वात लाडका फोटो, पोरगी हसून मान वळवतेय तो, त्यांच्या तळहाताखाली गेला आणि उरला एक लाल धूसर पट्टा. मी अपर्चर एफ १.८ वर ठेवून डोळ्यावर फोकस केला होता. डोळा धारदार, कापड गेलं. "पोर्ट्रेट चांगलं आहे," सर म्हणाले, "तिच्या आईला दे." खरंच काकूंना दिला, त्यांनी मोठा करून घेतला. कलेक्शनच्या फोटोंसाठी एफ ५.६ च्या खाली जायचं नाही, हे मी तेव्हापासून पाळते.

मित्रांना फोटो दाखवून "कसा वाटतो?" विचारलं तर "भारी" यापलीकडे उत्तर मिळत नाही. त्याऐवजी विचारा: पहिली नजर कुठं गेली? कपडा कशाचा असेल? डिझायनरला वेगळं विचारा, कारण तिला सुरकुती, वर-खाली झालेला काठ, उलटं बटण दिसतं, आणि ते तुम्हाला कधीच दिसणार नाही. तिच्याशी वाद झाला तर कपड्याच्या बाबतीत तिचं ऐका. मीही शेवटी ऐकलं, पण तासभर भांडून.

चेक्सचा ड्रेस पुन्हा शूट केला. दुसऱ्या रविवारी, सकाळी सात वाजता, शेडच्या दारात, फ्लॅशशिवाय. दार उत्तरेकडे, त्यामुळे थेट ऊन नाही, नुसता आभाळाचा उजेड. एका बाजूने काळं कापड धरलं, म्हणजे त्या गालावर थोडी सावली राहावी. प्रत्येक जागा बदलल्यावर स्क्रीनवर १०० टक्के करून चेक्स मोजल्यासारखे तपासले. पंचवीस मिनिटांत काम झालं.

तिथंच मालकांनी विचारलं, "माझा माग कुठाय?" आम्ही मोठ्या अभिमानाने मोबाइल पुढे केला. अठरातून शेवटी निवडलेल्या सहाच्या सहा फोटोंत माग मागे धूसर, काळ्यात विरलेला. त्यांनी एकेक फोटो नीट पाहिला, मोबाइल परत दिला आणि म्हणाले, "पोरगी चांगली आलीय."

घरी येऊन नाकारलेल्या फाइलींत शोधलं. एक सापडली, लाइट तपासताना मॉडेल जागेवर यायच्या आधी एफ ८ वर घेतलेली: बीम (धागे गुंडाळलेला रूळ), ताणलेले उभे धागे, कडेला धोटा (आडवा धागा नेणारा). रंग हिरवट होते, ते ग्रे कार्डवरून सुधारले आणि बारा बाय अठरा प्रिंट काढली. ती आता कारखान्याच्या भिंतीवर आहे. काच लावलीय, तरी कडेने कापसाचे तंतू आत गेलेत.