नवीन कारचं पहिलं इंजिन ऑइल कधी बदलायचं?
हजार किलोमीटरची पहिली फ्री सर्व्हिस आली की बरेच जण म्हणतात ऑइल बदलूनच टाका, पण आजकालच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांत त्या वेळी फक्त चेकिंग असतं, ऑइल नि फिल्टर साधारण 10,000 किमी किंवा 1 वर्ष, जे आधी होईल तेव्हा. तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये बघा, शेजारचे काका काय सांगतात ते राहू द्या. आणि हो, गाडी नुसती भाजी आणायला दोन किमी फिरत असेल तर इंजिन नीट तापतच नाही, ऑइलमध्ये पेट्रोल नि ओलावा जमतो, मग किमी कमी झाले तरी वर्षाला बदलायचंच, थोडं आधी बदललं तरी चालेल. ऑइलचा ग्रेड (म्हणजे किती जाड-पातळ ते) मात्र मॅन्युअलमधलाच, बिल जपून ठेवा, वॉरंटीला लागतं.