वेल्श कार्यक्रमांचा करार: दोन सार्वजनिक प्रसारकांनी कलमे कशी बांधावीत

एस-फोर-सी ही वेल्श भाषेची वाहिनी १ नोव्हेंबर १९८२ रोजी सुरू झाली. बीबीसी तिला काही कार्यक्रम विनामोबदला बनवून देते. वाहिनीचा सार्वजनिक निधीही आता परवाना शुल्कातून, म्हणजे ब्रिटनमध्ये टीव्ही पाहणारी घरे दरवर्षी भरतात त्या रकमेतून येतो, आणि ते शुल्क गोळा करते बीबीसीच. संध्याकाळी त्याच घरातला प्रेक्षक मिळवायला मात्र दोघी एकमेकींसमोर उभ्या असतात. पुरवठादार, पैशाची वाट आणि स्पर्धक अशी ही तीन नाती आहेत. ती एकाच कलमात कोंबली की पुढे प्रत्येक वादात तिन्ही ओढली जातात. म्हणून मसुद्याचे पहिल्याच दिवशी तीन स्वतंत्र भाग करा: पैसा, कार्यक्रम आणि संपादकीय अधिकार. एका भागातल्या वादामुळे दुसऱ्या भागातला पुरवठा थांबणार नाही, हे वाक्य तिन्ही भागांच्या वर आले पाहिजे.

आधी कायद्याने काय बांधले आहे ते पाहा

१९९० च्या प्रसारण कायद्याने बीबीसीवर आठवड्याला किमान १० तासांचे वेल्श कार्यक्रम एस-फोर-सीला मोफत देण्याचे बंधन घातले. वर्षाचे झाले ५२० तास. या क्षेत्रात त्यांना ‘वैधानिक तास’ म्हणतात. तास कोणत्या प्रकारचे असावेत, किती खर्चाचे असावेत, हे त्यातून ठरत नाही. ती जागा कराराने भरायची असते. २०२४ च्या माध्यम कायद्याने तासांच्या मोजणीऐवजी दोन्ही संस्थांनी आपापसात वेगळी व्यवस्था ठरवायची वाट मोकळी केली. शिवाय वाहिनीच्या कामावरची भौगोलिक मर्यादा काढली. वेल्सबाहेर राहणारे वेल्श भाषक आणि ऑनलाइन प्रेक्षक यांना त्यामुळे करारात हक्काने जागा देता येते. जुना करार नकलून नवा लिहिताना ही दोन्ही कलमे हमखास जुनीच राहतात, तेव्हा ती वेगळी तपासा.

पैशाचे कलम

२०१० च्या ऑक्टोबरमध्ये सरकार आणि बीबीसी यांनी घाईत बोलणी करून एस-फोर-सीचा बहुतांश खर्च परवाना शुल्कावर टाकला. एस-फोर-सी त्या बोलण्यांत नव्हतीच. वाहिनीच्या स्वायत्ततेचे काय, हा प्रश्न मग पुढची कित्येक वर्षे धगधगत राहिला. ज्याच्या अस्तित्वाचा प्रश्न आहे तो पक्ष टेबलावर असलाच पाहिजे. रक्कम बदलण्याच्या कोणत्याही चर्चेची पूर्वसूचना आणि त्या चर्चेत जागा, या दोन गोष्टी करारात लिहून घ्या.

रकमेचा हिशेब असा सुटा करून मांडावा. २०२१-२२ पर्यंत परवाना शुल्कातून वर्षाला ७ कोटी ४५ लाख पौंड आणि सरकारी अनुदानातून सुमारे ६८ लाख पौंड येत. एप्रिल २०२२ पासून सगळा सार्वजनिक निधी परवाना शुल्कातून येऊ लागला आणि डिजिटल कामासाठी ७५ लाख पौंडांची भर पडली. बेरीज ८ कोटी ८८ लाख. ही रक्कम पहिली दोन वर्षे गोठवलेली होती, आणि नेमक्या त्याच काळात, ऑक्टोबर २०२२ मध्ये, ब्रिटनची महागाई ११.१ टक्क्यांवर गेली. गोठवलेल्या रकमेचा फटका सर्वात आधी नाटक आणि मुलांच्या कार्यक्रमांना बसतो, कारण बातम्या आणि विविध विषयांचे रोजचे कार्यक्रम थांबवता येत नाहीत. म्हणून महागाईशी जोडलेली वाढ कोणत्या निर्देशांकाने आणि कोणत्या महिन्याच्या आकड्याने होणार, ते लिहा. रक्कम गोठणार असेल तर त्या वर्षी कोणत्या प्रकारचे तास कमी होणार नाहीत, तेही त्याच पानावर असू द्या.

रोख निधी आणि मोफत मिळणारे कार्यक्रम यांची बेरीज एका आकड्यात कधीही दाखवू नका. बीबीसी जे कार्यक्रम देते ते खरे योगदान आहेच, पण त्यातून वाहिनीला स्वतःच्या पसंतीचा एक मिनिटही विकत घेता येत नाही.

५२० तासांची फोड

तास आधी कागदावर भरून पाहावेत. समजा, अर्ध्या तासाच्या बातम्या आठवड्यातून पाच दिवस आहेत: अडीच तास, वर्षाला १३० तास. वीस मिनिटांच्या मालिकेचे तीन भाग: आठवड्याला एक तास, वर्षाला ५२. आगेमागे चर्चा धरून अडीच तासांचा एक रग्बी सामना, असे चाळीस सामने: १०० तास. झाले २८२. उरलेल्या २३८ तासांत चालू घडामोडी, संगीत, माहितीपट आणि मोठे सोहळे बसवायचे.

या फोडीत फसगत तीन ठिकाणी होते. पहिली पुनःप्रक्षेपणाची. ‘तास’ म्हणजे पहिल्यांदा दाखवलेला कार्यक्रम, अशी व्याख्या नसेल तर रविवारी एकत्र जोडून दाखवलेली मालिका दुसऱ्यांदा मोजली जाते. दुसरी थेट सामन्यांची. चित्र आधीच तयार असते, वेल्श समालोचन जोडले की तास भरतो. सामना लोक आवडीने पाहतात, त्यामुळे तो हवाच, पण वरची मर्यादा घातली नाही तर हा स्वस्त तास महाग तासाला हळूहळू खाऊन टाकतो. तिसरी वर्षअखेरीची. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते, आणि तूट राहिली असेल तर फेब्रुवारी-मार्चमध्ये स्टुडिओतल्या गप्पांनी ती भरली जाते. यावर उपाय म्हणजे तिमाही ताळा: दर तिमाहीला १३० तास, त्यात ठरावीक टक्क्यांपर्यंत कमीजास्त चालेल. राष्ट्रीय आइस्टेथवोद हा वेल्श साहित्य-संगीताचा महोत्सव ऑगस्टच्या सुरुवातीला आठवडाभर चालतो, तेव्हा ती तिमाही फुगणारच. ती सूट नावानिशी लिहून ठेवावी.

तासांसोबत प्रत्येक प्रकारासाठी किमान खर्चाचा आकडाही हवा. नाटकाचा एक तास स्टुडिओतल्या चर्चेच्या तासापेक्षा कितीतरी पट महाग असतो. फक्त तास मोजणारा करार आकड्याने पूर्ण होतो आणि पडद्यावर रोडावतो. आयर्लंडमध्येही हाच साचा आहे. तिथे आरटीई ही संस्था टीजी-फोर या आयरिश भाषेच्या वाहिनीला दिवसाला एक तास, म्हणजे वर्षाला ३६५ तास देते. तिथल्या करारासाठीही हीच सावधगिरी लागू पडते.

बातमी कोणाची

‘नेवध्यॉन’ हे एस-फोर-सीवरचे बातमीपत्र बीबीसीचे पत्रकार बनवतात. बातमी बीबीसीच्या संपादकीय नियमांनी तयार होते, पण दिसते दुसऱ्या वाहिनीवर, आणि त्या वाहिनीला नियामक ऑफकॉमला उत्तर द्यावे लागते. करारात चार गोष्टी स्पष्ट करा: बातमीची निवड आणि क्रम बीबीसीचा संपादक ठरवेल, वेळ आणि लांबी वाहिनी ठरवेल, तक्रार आधी कोणाकडे जाईल आणि किती दिवसांत उत्तर मिळेल, आणि मोठी घटना घडल्यास वेळापत्रक मोडायचा शब्द कोणाचा. शेवटचा मुद्दा रात्री अकरा वाजता वकिलांना विचारून सुटत नाही. दोन्हीकडच्या एकेका पदाचे नाव तिथे हवे, आणि पर्यायी पदाचेही.

बीबीसीबद्दलचीच बातमी असेल तेव्हा काय, हेही आधीच ठरवा. परवाना शुल्क आणि वाहिनीचा निधी हे दोन्ही विषय वेल्समध्ये वारंवार बातमीत येतात.

भाषेचा मुद्दाही इथेच येतो. ‘आता’ला दक्षिण वेल्समध्ये ‘नाउर’ म्हणतात, उत्तरेत ‘रूआन’. रोमन लिपीत हे दोन्ही शब्द एकमेकांचे उलटे वाचन आहेत. ‘दूध’ उत्तरेत वेगळे, दक्षिणेत वेगळे. बातमीसाठी मध्यम वळणाची शैली, मालिकेत पात्राच्या गावची बोली, मुलांच्या ‘किउ’ सेवेत दोन्ही कानावर पडतील अशी मांडणी: एवढे परिशिष्टात लिहिले की प्रेक्षकांची निम्मी पत्रे कमी होतात. भाषा सल्लागाराचे मानधन निर्मितीच्या खर्चात धरा. ते ‘इतर’ या शीर्षकाखाली गेले की पहिल्याच कपातीत कापले जाते.

हक्क: इथे सर्वात जास्त वेळ द्या

एस-फोर-सी स्वतः फारसे चित्रीकरण करत नाही. ती ह्लानेह्लीच्या टिनोपोलिस, कारनारव्हनच्या कुम्नी दा अशा स्वतंत्र निर्मात्यांकडून कार्यक्रम बनवून घेते आणि तिच्याकडे ठरावीक मुदतीचा दाखवण्याचा परवाना असतो. मूळ हक्क बहुधा निर्मात्याकडे राहतात. बीबीसीने बनवलेल्या कार्यक्रमांची स्थिती याहून वेगळी. डिसेंबर २०१४ पासून एस-फोर-सी बीबीसीच्या आयप्लेयर या ऑनलाइन सेवेवर दिसू लागली. अशा वेळी दोन्ही प्रकारच्या कार्यक्रमांसाठी स्वतंत्र तक्ता लागतो.

त्या तक्त्यात प्रत्येक कार्यक्रमापुढे हे रकाने असावेत: थेट प्रक्षेपण, वाहिनीची स्वतःची ‘क्लिक’ ही ऑनलाइन सेवा, आयप्लेयर, समाजमाध्यमांवरचे तुकडे, शाळांसाठी वापर, ब्रिटनबाहेर दाखवणे आणि मुदत. रिकामा रकाना म्हणजे ‘नाही’, असे तळटीपेत लिहा. रिकाम्या जागेचा अर्थ प्रत्येक जण आपल्या सोयीने लावतो.

संगीत विसरू नका. जानेवारी २०१३ मध्ये वेल्श संगीतकारांच्या ‘एऑस’ या हक्कसंस्थेशी मानधनावर एकमत झाले नाही, तेव्हा बीबीसीच्या रेडिओ कम्री या वेल्श भाषेच्या केंद्राला हजारो वेल्श गाणी वाजवता येईनात आणि रोजचे प्रसारण दोन तासांनी कमी करावे लागले. प्रकरण कॉपीराइट न्यायाधिकरणापर्यंत गेले. धडा असा की गाण्यांचा परवाना कोणत्या संस्थेकडून, कोणत्या प्रसारकाने, कोणत्या माध्यमासाठी घेतला आहे, हे दोन्ही भागीदारांनी वेगवेगळे तपासायचे असते. एकाचा परवाना दुसऱ्याच्या मंचावर आपोआप चालत नाही.

एकाच वेळी दोन भाषांत चित्रीकरण

महागडे नाटक परवडावे म्हणून वेल्समध्ये एक पद्धत रुजली: तेच कलाकार, तीच जागा, प्रत्येक प्रसंग एकदा वेल्शमध्ये आणि एकदा इंग्रजीत. २०१३ ची ‘अ ग्विह्ल’ ही पोलिसी मालिका, इंग्रजी नाव ‘हिंटरलँड’, अशीच बनली. २०१७ ची ‘ईन बोरे मेर्खेर’ आधी एस-फोर-सीवर आली आणि दुसऱ्या वर्षी बीबीसीवर ‘कीपिंग फेथ’ म्हणून.

करारात आणि सेटवर सांभाळायच्या गोष्टी:

- प्रकाशयोजना आणि कॅमेऱ्याची जागा लावल्यावर दोन्ही भाषा लगेच पाठोपाठ घ्या. एक भाषा सकाळी आणि दुसरी दुपारी घेतली की प्रकाश बदलतो आणि वाचवलेला पैसा तिथेच जातो.
- कोणती भाषा आधी, हे रोज आलटून पालटून ठरवा. एकच भाषा कायम दुसरी आली तर तिच्या वाट्याला नेहमी दमलेला अभिनय येतो.
- पत्रे, फोनचे पडदे, वर्तमानपत्रे यांच्या दोन प्रती करा. रस्त्यावरच्या पाट्या वेल्समध्ये आधीच द्विभाषिक आहेत, ती एक सोय.
- संकलन दोन स्वतंत्र धरा. वाक्यांची लांबी वेगळी, श्वास वेगळा. एकाचे काप दुसऱ्यावर बसत नाहीत. या एका ओळीचा खर्च अंदाजपत्रकात न धरल्याने वेल्श आवृत्ती घाईत संपवली जाते.
- दोन्ही पटकथा मंजूर करणारी माणसे वेगळी असावीत, आणि वेल्श पटकथा अनुवाद म्हणून नव्हे, मूळ म्हणून लिहिली जावी.

पहिले प्रक्षेपण वेल्श वाहिनीवरच होईल आणि इंग्रजी आवृत्ती त्यानंतर किमान किती आठवड्यांनी येईल, हा आकडा करारात नसला तर उरलेले सगळे व्यर्थ आहे. इंग्रजी आवृत्ती आधी दिसली, तर दोन्ही भाषा येणारा प्रेक्षक वेल्श आवृत्तीकडे परत येत नाही.

उपशीर्षके आणि साहित्य सुपूर्त करणे

२०२१ च्या जनगणनेत वेल्समधल्या १७.८ टक्के लोकांनी वेल्श बोलता येते असे नोंदवले. पण एका घरात सगळेच वेल्श बोलणारे असतील असे नाही. इंग्रजी उपशीर्षके असली की ते घर एकत्र बसते, वेल्श उपशीर्षके असली की शिकणाऱ्याला आधार मिळतो. दोन्ही वेगळ्या फायलींत मागवा, चित्रावर छापलेली घेऊ नका. नावपट्ट्यांशिवायचे स्वच्छ चित्र, आणि संवाद, संगीत व पार्श्वध्वनी वेगळे असलेले ध्वनिपट्टे सोबत घ्या. ते नसतील तर पाच वर्षांनी त्यातला तुकडा दुसऱ्या कार्यक्रमात वापरता येत नाही.

एकत्र इमारत, वेगळे बटण

कार्डिफच्या सेंट्रल स्क्वेअरमधल्या बीबीसीच्या इमारतीतून एस-फोर-सीचेही प्रक्षेपण होते. वाहिनीचे मुख्यालय मात्र कारमार्थनच्या ‘अर एगिन’मध्ये आहे. यंत्रे एकत्र असण्यात बचत आहे. पण वेळापत्रकावरचा ताबा, आणीबाणीत दुसरे प्रक्षेपणस्थळ आणि बिघाड झाल्यास कोणाची वाहिनी आधी सावरायची, याचा क्रम लेखी हवा.

देखरेखीसाठी संयुक्त मंडळ तिमाहीतून एकदा बसावे, आणि त्याच्यासमोर तास, खर्च, प्रेक्षक आणि तक्रारी एकाच तक्त्यात याव्यात. वाद आधी दोन्हीकडच्या कार्यक्रमप्रमुखांकडे, मग मुख्य कार्यकारींकडे, शेवटी दोन्ही मंडळांच्या अध्यक्षांकडे, प्रत्येक पायरीला दिवसांची मुदत घालून न्यावा.

करार संपला तर पुरवठा किमान एक पूर्ण हंगाम चालू राहील, अशी तरतूद करा. ‘पोबोल अ कूम’ ही बीबीसीची मालिका १९७४ पासून चालते, म्हणजे वाहिनीपेक्षाही जुनी. तिच्यासारख्या मालिकेची पटकथा, कलाकारांचे करार आणि सेट कित्येक महिने आधी बांधलेले असतात. संपणाऱ्या करारातल्या प्रत्येक कार्यक्रमाची एक प्रत आबेरिस्टविथच्या वेल्श राष्ट्रीय ग्रंथालयातल्या प्रसारण संग्रहात कोण, कोणत्या स्वरूपात आणि किती दिवसांत पोहोचवणार, हे शेवटच्या परिशिष्टात नावानिशी लिहा.