प्रकल्प गावात येण्याआधी ग्रामसभेतल्या या चुका टाळा

कोकणात भांडण पेटतं ते मोजणीची गाडी आली की. एप्रिल २०११ मध्ये जैतापूर अणुऊर्जा प्रकल्पाच्या विरोधात साखरीनाटे इथे पोलीस गोळीबारात एकाचा जीव गेला. एप्रिल २०२३ मध्ये बारसूच्या सड्यावर रिफायनरीसाठी मातीपरीक्षण सुरू झालं, तेव्हा बायाबापड्या भर उन्हात रस्त्यावर आडव्या झाल्या. बोलायची हक्काची जागा म्हणजे ग्रामसभा, ती आधी ओस पडते, मग रस्ताच उरतो. म्हणून हे कळकळीने लिहितोय.

सगळ्यात मोठी चूक सहीची. आमच्याकडे सभा देवळाच्या मंडपात भरते. शिपाई वही फिरवतो, आपण सही ठोकतो आणि भात लावायचाय म्हणून घरी पळतो. ठराव नंतर लिहिला जातो. एकदा मी वही मागून पाहिली, तर सह्यांच्या वरचं अर्धं पान कोरंच होतं! ठराव लिहून, वाचून दाखवल्याशिवाय सही करू नका. सही होऊन गेली असेल, तर लगेच लेखी हरकत द्या, पोच घ्या आणि इतिवृत्ताची नक्कल मागा. नाही मिळाली तर माहिती अधिकारात अर्ज करा. ३० दिवसांत उत्तर द्यावंच लागतं.

“कोरम नाही, सभा होणार नाही” म्हणून घरी बसू नका. गणपूर्तीला १५ टक्के किंवा १०० मतदार, यांतला कमी आकडा लागतो. पण तहकूब झालेली सभा पुन्हा भरते तेव्हा ही अट नसते. मोजकी माणसं तेव्हा अख्ख्या गावाचा निर्णय घेऊ शकतात.

चाकरमान्यांनो, सातबारावर तुमचं नाव असलं तरी मतदारयादीत मुंबईचा पत्ता असेल, तर गावच्या ग्रामसभेत तुम्हाला मत नाही. गणपतीला आलात की भावकीत बसून ठरवा, सामाईक जमिनीबद्दल कोण काय बोलणार. एकाने परस्पर संमती दिली की पहिलं भांडण घरात लागतं, आणि ते पिढ्यान्‌पिढ्या मिटत नाही.

“ठराव केला, आता प्रकल्प गेलाच” हाही गैरसमज. २०१३ साली ओडिशात नियमगिरीच्या १२ ग्रामसभांनी बॉक्साइटची खाण नाकारली खरी, पण त्यांच्या पाठीशी वनहक्क कायदा आणि सर्वोच्च न्यायालयाचा निकाल होता. ग्रामसभेला जादा अधिकार देणारा १९९६ चा पेसा कायदा फक्त अनुसूचित (आदिवासी) क्षेत्रात लागू आहे. पालघर जिल्ह्यात तशी गावं आहेत, रत्नागिरी-सिंधुदुर्गात नाहीत. इथे ठराव हा पुरावा म्हणून वापरायचा. त्यात झरे, आंब्याची कलमं, मासेमारीच्या जागा नावानिशी लिहा. नुसतं “विरोध आहे” लिहिलं तर हाती काही राहत नाही.

पर्यावरणाच्या जनसुनावणीवर बहिष्कार टाकलात तर तुमचं म्हणणं नोंदीत येतच नाही. २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे किमान ३० दिवस आधी नोटीस द्यावी लागते. ते दिवस वाया घालवू नका. प्रकल्पाच्या पर्यावरण परिणाम अहवालाचा मराठी सारांश मिळवा, हरकती लिहा, आणि सुनावणीत बोललात तरी लेखी प्रत शिक्का मारून घ्या.