आरोग्याच्या आकडेवारीतील माहितीचे प्रकार कसे ओळखावेत

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) महाराष्ट्रातील 15 ते 49 वयोगटातल्या 54.2 टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. देवनार येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेच्या देखरेखीखाली झालेल्या या सर्वेक्षणातले असे आकडे समजून घ्यायचे असतील, तर मूळ नोंद कोणत्या प्रकारची होती, हे टक्केवारीच्या आधी पाहावे.

सर्वप्रथम एकाच स्त्रीची नोंद डोळ्यांसमोर आणावी आणि प्रत्येक रकान्यात काही मोजले आहे की केवळ गट नोंदवला आहे, हे ठरवावे. राहण्याचे ठिकाण शहरी की ग्रामीण, हा निव्वळ गट आहे. संगणकात त्यासाठी 1 आणि 2 असे संकेतांक लिहिले, तरी त्यांच्या सरासरीला काही अर्थ नसतो. अशा नामदर्शक माहितीत प्रत्येक गटातील व्यक्ती मोजून टक्केवारी काढावी.

गटांना चढता क्रम असेल, तर ती माहिती क्रमदर्शक होय. गर्भवती नसलेल्या स्त्रियांच्या बाबतीत हिमोग्लोबिन प्रति डेसिलिटर 11.0 ते 11.9 ग्रॅम असल्यास रक्तक्षय सौम्य, 8.0 ते 10.9 असल्यास मध्यम आणि 8 पेक्षा कमी असल्यास तीव्र मानला जातो. सौम्य गट जेमतेम एका ग्रॅमचा आहे, तर मध्यम गट जवळजवळ तीन ग्रॅमचा. म्हणून या गटांना 1, 2, 3 असे गुण देऊन बेरीज-वजाबाकी करू नये.

मोजलेल्या माहितीत अपत्यांची संख्या पूर्णांकातच येते, म्हणून ती खंडित. हिमोग्लोबिन, वजन, उंची यांत दोन मूल्यांच्या मधले मूल्यही शक्य असते, म्हणून ती अखंडित.

यानंतरची पायरी मला सर्वांत महत्त्वाची वाटते: अखंडित माहितीचे गट कोणत्या मर्यादेवर पाडले आहेत, हे तपासावे. एखाद्या स्त्रीचे हिमोग्लोबिन उपचारांनी 8.2 वरून 11.7 वर गेले, तर तिच्या प्रकृतीत मोठा फरक पडलेला असतो. परंतु मर्यादा 12 ची असल्याने रक्तक्षय असलेल्यांच्या टक्केवारीत तिची गणना पूर्वीसारखीच होते. म्हणून शक्य तेथे टक्केवारीबरोबर सरासरी किंवा मध्यकही पाहावा आणि स्वतः माहिती गोळा करताना गट न लिहिता मोजलेले मूल्यच लिहावे, कारण मूल्यावरून गट केव्हाही पाडता येतो, गटावरून मूल्य परत मिळत नाही.

शेवटी, मोजमाप खरोखर किती बारकाईने झाले आहे, हे पाहावे. जन्मवजन ही अखंडित माहिती आहे, पण प्रत्यक्ष नोंदींत 2500, 3000 अशा पूर्ण आकड्यांवर बाळांची गर्दी दिसते, कारण वजन जवळच्या आकड्यापर्यंत पूर्ण करून लिहिले जाते किंवा आईच्या आठवणीवरून सांगितले जाते. कमी वजनाची व्याख्या 2500 ग्रॅमपेक्षा कमी अशी असल्याने 2450 ग्रॅमचे बाळ 2500 म्हणून नोंदले गेले, की ते कमी वजनाच्या यादीतून वगळले जाते. आलेख काढून अशी गर्दी दिसल्यास नेमक्या 2500 ग्रॅमच्या नोंदी किती आहेत, हे टक्केवारीशेजारी वेगळे लिहावे.