‘द साउंड अँड द फ्युरी’ वाचताय? या चुका टाळा

अमेरिकन लेखक विल्यम फॉकनरची १९२९ ची ही कादंबरी हातात आली की सोलापुरातली आमची एम.ए.ची बरीच मंडळी चार पानं उलटतात आणि थेट नवी पेठेतलं गाईड गाठतात. सगळ्यात घातक चूक हीच. गाईडमध्ये घटना ओळीनं लावलेल्या असतात. त्यातून कादंबरीतल्या कॉम्प्सन घराण्याची पडझड कळते, पण त्या घरातला धाकटा मुलगा बेंजी भेटत नाही.

पहिला भाग बेंजीचा, ७ एप्रिल १९२८ चा. तो ३३ वर्षांचा आहे, त्याला बोलता येत नाही आणि काल-आज हा फरक त्याच्या मनात नाही. कुंपणातून पलीकडे जाताना त्याचे कपडे खिळ्याला अडकतात. त्याला सांभाळणारा लस्टर वैतागतो. पुढच्याच ओळीत कपडे सोडवते ती बहीण कॅडी, आणि तेव्हा कडाक्याची थंडी असते! मधली कित्येक वर्षं त्या एका खिळ्यापाशी गळून पडली. हिराचंद नेमचंद वाचनालयात ऐन उन्हाळ्यात हे वाचताना माझ्या अंगावर काटा आला होता.

अशा जागी अक्षरं तिरकी होतात, तिकडे दुर्लक्ष करू नका. काळ बदलल्याची ती खूण आहे. मात्र प्रत्येक उडीला ती मिळेलच असं नाही. मग बेंजीला सांभाळतंय कोण ते बघा. व्हर्श असेल तर लहानपण, टी. पी. असेल तर त्यानंतरची वर्षं, लस्टर असेल तर १९२८. वेगवेगळे काळ वेगवेगळ्या रंगांच्या शाईत छापावेत, अशी फॉकनरची इच्छा होती. तेव्हा ते जमलं नाही. स्वतःच्या प्रतीत रंगीत पेन्सिलींनी तुम्ही ते करा. वाचनालयाच्या पुस्तकात मात्र अजिबात नको.

‘क्वेंटिन’साठी कधी ‘ही’ (he) तर कधी ‘शी’ (she) आलं, म्हणून छपाईची चूक समजू नका. एक क्वेंटिन कॅडीचा भाऊ, दुसरी तिची मुलगी. दुसरा भाग या भावाचा, २ जून १९१० चा. त्यात विरामचिन्हं गायब झाली की डोळ्यांनी वाचणं सोडा, मोठ्यानं वाचा. आवाज कुठे थांबायचं ते बरोबर सांगतो.

आणखी एक भाऊ जेसन, त्याचा तिसरा भाग भराभर सरकतो. चौथा सर्वांत सरळ, म्हणून काहीजण तिथूनच सुरुवात करायला सांगतात. ऐकू नका. आधीच्या तिघांचं ऐकून झाल्यावर घरातली कामवाली डिल्सी समोर येते, तेव्हाच तिचं मोठेपण कळतं. फॉकनरनं घराण्याच्या इतिहासाचं परिशिष्ट पुढे लिहिलं, ते १९४६ साली आलं. काही आवृत्त्यांत ते सुरुवातीलाच छापलेलं असतं. तिथे असलं तरी वाचा शेवटीच. त्यातले काही तपशील कादंबरीशी जुळतही नाहीत.